जयवंताबाईचं निळं बी

धोंडखेडच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो ते साल एकोणीसशे सव्वीस. हिवरखेडच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं हे पाऊणशे घरांचं गाव. शाळा चावडीच्याच एका खोलीत भरायची. त्यामुळे पोरांकडून पाढे म्हणून घेता घेता गावातली सगळी भांडणं माझ्या कानावर पडत. जयवंताबाईचं नाव मी पहिल्यांदा तिथंच ऐकलं. पेरणी तोंडावर आली होती आणि दोन शेतकरी तिच्यावरून हमरीतुमरीवर आले होते. बुधवारी ती कोणाच्या वावरात जाणार, एवढाच वाद होता.

आमच्याकडे ज्वारी पेरताना बैल पुरुष हाकतो आणि तिफणीमागून बाई चालते. तिफणीच्या वरच्या लाकडी वाटीला चाडं म्हणतात. त्यात मुठीतून बी सोडत जायचं. हात थांबला तर पट्टा मोकळा राहतो, सैल सुटला तर रोपं एकमेकांच्या उरावर उगवतात. जयवंताबाईच्या हातातून बी असं सुटायचं, की उगवलेली ओळ दोरी लावून आखल्यासारखी दिसे. स्वतःची जमीन अवघी सात एकर, पण पेरणीच्या आठ दिवसांत सगळं गाव तिच्या दाराशी.

पस्तिशीची, काटक, तोंडानं फटकळ बाई. नवरा नत्थुजी अगदी उलट. दिवसभरात तो जेवढं बैलांशी बोले, तेवढंही माणसांशी बोलत नसे.

त्या वर्षी ज्वारीवर काणी फार पडली. कणीस दुरून चांगलं दिसतं, पण दाण्याच्या जागी राखी रंगाची बोंडकी असतात. दाबली की आतून काजळासारखी भुकटी निघते. गावाचं म्हणणं, शिवाराला नजर लागली. दरवर्षी काणी दिसली की खुशालराव पाटील शिवेवरच्या देवाला नारळ फोडत. जयवंताबाईनं नारळ फोडला नाही. तिनं वावरात जाऊन एका ओळीतली शंभर कणसं मोजली. अठरा काळी निघाली. ती संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मास्तर, शंभरात अठरा. म्हंजे पाचसहा कणसांत एक. नजर अशी मोजूनमापून लागते काय?"



उन्हाळ्यात हिवरखेडच्या बाजारात शेती खात्याचा एक कामदार आला. खेडोपाडी फिरून नव्या पद्धती दाखवायच्या, हे त्याचं काम. त्याच्याजवळ मोरचुदाच्या पुड्या होत्या, निळे चकचकीत खडे. पाण्यात विरघळवायचे, त्यात ज्वारीचं बी दहा मिनिटं बुडवायचं, सावलीत वाळवायचं आणि पेरायचं, म्हणजे काणी येत नाही, असं तो सांगत होता. लोक ऐकून हसले आणि मिरच्यांच्या ढिगाकडे वळले. जयवंताबाई मात्र तिथंच उभी राहिली.

"काहून येत नाही?" तिनं विचारलं.

कामदार म्हणाला, "खळ्यात मळणी केली की ती काळी बोंडकी फुटतात. भुकटी चांगल्या दाण्याला चिकटते. तोच दाणा तुम्ही बियाणं म्हणून ठेवता. मोरचुदानं ती भुकटी मरते."

"म्हंजे रोग आमीच पेरून रायलो."

"हो बाई."

घरी येताना तिनं दोन पुड्या आणल्या. सोबतचा छापील कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. चौथ्यांदा मी एक ओळ गाळली तर तिनंच मला अडवलं.

तिनं ठरवलं ते असं: अडीच एकर ज्वारीपैकी धुऱ्याच्या, म्हणजे मधल्या बांधाच्या, उजवीकडे निळं बी, डावीकडे साधं. वावर एक, बैल तेच, हातही तोच. मग काय ते कळेल. उरलेलं निळं पाणी जनावरांच्या तोंडी जाऊ नये म्हणून घरामागं खड्डा करून तिनं त्यात ओतलं आणि वर दगड रचले.

गावात बोभाटा झाला. खुशालराव पाटलांनी नत्थुजीला चावडीवर बोलावलं. पाटील दुष्ट माणूस नव्हता. दुष्काळात त्यानं स्वतःच्या पेवातली ज्वारी गावाला वाटली होती. पण आपल्याला न विचारता गावात काही नवं व्हावं, हे त्याला सोसत नसे.

"नत्थू, तुही बायको अन्नाले जहर लावून रायली. उद्या पाखरं मरतील, ढोरं मरतील. बंद कर म्हना तिले."

नत्थुजी बराच वेळ पागोटं चाचपत राहिला. मग म्हणाला, "पाटील, मी बैल हाकतो. बी थे टाकते. बियाचं तिलेच इचारा."

त्याच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

पेरणी झाली. बोभाट्यामुळे त्या वर्षी तिला कोणी चाड्यावर बोलावलं नाही. पंधरा दिवसांनी पाटलाच्या गोठ्यातलं म्हशीचं पारडू मेलं. ते जन्मल्यापासून हगवणीनं खंगलेलं होतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं. तरी बोट निळ्या बियाकडेच गेलं. पंच बसले. जयवंताबाईनं देवळापुढं नाक घासावं आणि गावाला जेवण घालावं, असं ठरलं.

निरोप घेऊन तिच्या शेजारी राहणारे उत्तमराव गेले. ते हात हलवत परत आले. मागोमाग तीच आली आणि चावडीच्या पायरीखाली उभी राहिली. चावडीत बाईनं पाय ठेवायची रीत नव्हती.

"पाटील, पारडू माह्या वावरात चरलं काय?"

"नाई."

"मंग दावणीले बांधलेल्या पारडाले माहं बी कसं मारीन? थे मोरचूद जहर हाय, मी नाई म्हनत नाई. म्हून तर पानी खड्ड्यात गाडलं. चुकी दाखवा, दहा डाव नाक घासतो. न केलेल्या चुकीसाठी मान वाकवनार नाई."

"गावाचा शब्द हाय, जयवंता."

"मंग गाव चुकून रायलं."

असं कोणी पाटलाच्या तोंडावर बोललेलं गावानं ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून तिच्याशी गावाचा व्यवहार बंद झाला. निंदणाला कोणी बाई येईना. हळदीचं, बारशाचं बोलावणं थांबलं. विहिरीवर ती गेली की बाकीच्या बाया घागरी उचलून निघून जात. सात एकरांतलं तण तिनं आणि नत्थुजीनं दोघांनीच काढलं. श्रावणात एकदा मी तिच्या वावरावरून जात होतो. ती ज्वारीच्या ओळीच्या मध्यावर बसली होती आणि तिचे हात तळव्यापासून बोटांपर्यंत फुटले होते. मला पाहून तिनं ते पदराखाली घेतले.

"बाई, एक डाव पाया पडून घेतलं असतं तर?" मी म्हटलं.

"तुमी पोराले खोटं उत्तर लिहू देता काय, मास्तर? मार चुकते म्हून?"

मी पुढं चालू लागलो. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. दोन महिने मीही तिच्या घरी गेलो नव्हतो. नोकरी गावात करायची होती आणि पाटलाशी वाकडं नको होतं.

कार्तिकात कणसं भरली. तिनं पुन्हा शंभर शंभर मोजली. डावीकडं एकवीस काळी. उजवीकडं एकही नाही. खात्री पटेना म्हणून उजवीकडची आणखी दोनशे पाहिली. तेव्हा एक सापडलं, तेही धुऱ्याला लागून, जिथं साधं बी सांडलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडी भरलेली असताना ती आली. दोन पेंढ्या बगलेत होत्या. या वेळी ती पायरीखाली थांबली नाही. सरळ वर चढून मध्यभागी उभी राहिली. कोणी काही म्हणायच्या आत तिनं शाळेच्या दारात उभ्या असलेल्या मला विचारलं, "मास्तर, तुमचं उपरनं द्या."

उपरणं नुकतंच धुतलेलं, पांढरंशुभ्र होतं. सगळ्यांची नजर माझ्याकडं वळली. मी ते खांद्यावरून काढून तिच्या हाती दिलं. तिला उघड पाठिंबा द्यायला मला एवढा उशीर लागला.

तिनं उपरणं जमिनीवर पसरलं. काणीचं एक कणीस घेऊन त्यावर दोनदा आपटलं. काळा ढग उठला आणि कापड बुक्क्यासारखं झालं. मग तिनं चांगल्या कणसाचे टपोरे दाणे त्या भुकटीत टाकले, तळव्यानं घोळले आणि ओंजळ पाटलापुढं धरली.

"हे पाहा. हे तुमचं खळं. हेच दाने आपन पेवात ठेवतो अन् मिरगात पेरतो. नजर-बिजर काई नाई, पाटील. आपनच आपल्या हातानं काणी पेरून रायलो. ज्याले खोटं वाटते त्यानं माह्या वावरात जावं. धुऱ्यावर उभं रावं अन् दोनी कडे पाहावं. ज्वारी अजून उभी हाय. चार दिवस सोंगत नाई मी."

पाटलांनी दाण्यांकडे पाहिलं नाही. "बाईमानसानं चावडीत चढू नोये," एवढंच ते म्हणाले आणि उठून गेले.

पण त्या चार दिवसांत निम्मं गाव तिच्या धुऱ्यावर जाऊन आलं. कोणी भल्या पहाटे गेलं, कोणी बैल पाहायच्या निमित्तानं. तिच्याशी मात्र कोणी बोललं नाही.

पुढल्या मिरगात खरी कसोटी लागली. आदल्या वर्षी जयवंताबाईला वगळून गावानं दुसऱ्या बायांकडून पेरून घेतलं होतं आणि कित्येक वावरांत ओळी जागोजागी तुटून खांडण्या पडल्या होत्या. पेरणीचा दिवस उजाडला तसे सर्वांत आधी उत्तमराव आले.

"जयवंताबाई, झालं गेलं जाऊ द्या. चाड्यावर येता काय?"

"येतो. पन बी माह्यासमोर निळं झालं पायजे. साध्या बियाले माहा हात लागनार नाई."

"अन् नाई केलं तर?"

"तर दुसरी बाई पाहा."

उत्तमरावांनी बी आणलं. त्यांच्यामागून आणखी दहा घरं आली. तिच्या अंगणात मडक्यांची रांग लागली. ती उन्हातल्या काठीची सावली पाहून दहा मिनिटं धरायची आणि कोणी घाई केली तर त्याचं बी परत द्यायची.

तिसऱ्या दिवशी टोपली घेऊन पार्वताबाई आल्या. त्या पाटलांची बायको. वयानं मोठ्या, गावात मानाच्या. जयवंताबाईनं त्यांना बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. टोपलीला हात लावला नाही.

"पाटलानं पाठवलं काय?"

"नाई वं. त्याहिले ठाऊक नाई."

"मंग पाटलाच्या वावरात मी येनार नाई. मले गावाबाहेर टाकलं त्याहिनं. बोलवाचं तं त्याहिनंच बोलवावं."

पार्वताबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "थे नाई येनार, जयवंता. मरतील पन नाई येनार. मी त्याहिच्यासाठी आलीच नाई. दोन साल झाले, काळ्या ज्वारीची भाकर मी थापून रायली. मले शिकव. कसं करतेत थे."

जयवंताबाई उठली, चुलीमागची पुडी काढली आणि त्यांच्यापुढं मडकं ठेवलं.

त्या हंगामात पाटलांच्या ज्वारीवर काणी आली नाही. शिवेवरच्या देवाला यंदा आपण नवरा-बायकोनं जोडीनं नारळ वाढवला, त्याचा हा गुण, असं पाटील चावडीत ज्याला त्याला सांगत. उत्तमरावांना हे असह्य झालं. ते जयवंताबाईला म्हणाले, "चाला, साऱ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकू."

"म्हनू द्या त्याहिले," ती म्हणाली. "पार्वताबाईवर आच येईन. ज्वारी चांगली झाली ना?"

तिच्यावरची बंदी कोणी उठवली नाही. ती नुसती पाळली जाईनाशी झाली. तिनं नाक घासलं नाही, जेवणही घातलं नाही, आणि उपरणं पसरलं त्या दिवसानंतर काही सांगायचं असलं की सरळ चावडीत चढू लागली. पाटील तेव्हा तोंड फिरवून बसत.

माझी बदली दर्यापूरला झाली तेव्हा तिचं नवं भांडण सुरू झालं होतं. जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, साऱ्या गावांचा कापूस एकत्र पडतो आणि बियाणं म्हणून परत मिळते ती सरकी भेसळीची, हे तिच्या ध्यानात आलं होतं. चांगल्या झाडांचा कापूस तिनं वेगळा वेचला होता आणि तो वेगळाच काढून द्या, असा तिचा हट्ट होता. माझी गाडी हिवरखेडच्या जिनावरून गेली तेव्हा फाटकात ती आपल्या कापसाच्या बोऱ्यावर बसली होती. मागं पंधरा-वीस बैलगाड्या खोळंबल्या होत्या. मुकादम ओरडत होता. नत्थुजी बाजूला उभा राहून बैलांच्या मानेवरून हात फिरवत होता.

"बाई, ऊठ. एका बोऱ्यासाठी सरकीचा चरक रिकामा करू काय?"

"करा," जयवंताबाई म्हणाली. "माह्या झाडाची सरकी मले पायजे. मी बसली हाय."