इंजुरी कोणी मागायची

शाळेचा परिपाठ सुरू होता. मुली प्रतिज्ञा म्हणत होत्या आणि माझ्या पर्समध्ये फोन थरथरत होता. मी मुळातच घाबरट बाई. लागोपाठ दोनदा फोन आला तरी मी घरच्यांची नावं मनात मोजते, आणि त्या दिवशी तो चौथ्यांदा वाजत होता. प्रतिज्ञा संपेपर्यंत कसाबसा धीर धरला आणि व्हरांड्यात जाऊन उचलला. आमच्या खेळाच्या संघातला प्रशांत होता. म्हणाला, धनराजभाऊ गेले, सकाळी दुकान उघडलं आणि तिथेच पडले. मी कसं, कधी, काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "छातीत दुखलं ना?" तो म्हणाला, "तुमाले कोनं सांगतलं?"

त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज पाच आठवड्यांनी देते आहे.

धनराजभाऊंचं माझ्या शाळेच्याच गावात, करडीला, मोटर वाइंडिंगचं दुकान. धानाला पाणी देता देता मोटरी जळतात. त्या खोलायच्या आणि तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, हा त्यांचा धंदा. तरुणपणी ते पुण्याच्या एका वर्कशॉपात कामाला होते. एकदा दुपारी जेवायला बसले असताना भिंतीपलीकडच्या मैदानातून फेकून झेलायची एक पांढरी प्लास्टिकची तबकडी उडत आली आणि थेट त्यांच्या डब्यात पडली. वरणाने माखलेली ती तबकडी धुऊन परत द्यायला गेले, आणि त्या खेळातच अडकले. नोकरी सोडून गावी आले तेव्हा सामानात एक तबकडी होती. गावाने या खेळाचं नाव 'थाळी' ठेवून टाकलं. धान कापून झालं की रिकाम्या बांधीत, भाताच्या खाचरात, ते आम्हाला घेऊन उतरायचे, आणि बांधावरचे म्हातारे विचारायचे, आज थाळीत भाजी कोणती? भाऊ हसून म्हणायचे, "या जेवाले."

मी त्यात शिरले ती माझ्या शाळेतल्या मुलींना सोडायला म्हणून. चाळिशीला टेकलेली, पायात सॅंडल, खांद्याला पर्स. भाऊंनी ती पर्स बांधावर ठेवायला लावली आणि तबकडी हातात दिली. दोन्हीकडे सात-सात जण, बाया आणि माणसं एकत्र. तबकडी हातात असली की पळायचं नाही, फक्त फेकायची. पलीकडच्या पट्ट्यात आपल्या माणसाने झेलली की गुण. हे सगळं मला आठवड्याभरात जमलं. जमायला वेळ लागला तो दुसऱ्याच गोष्टीला. या खेळात पंच नसतो. धक्का लागला, रेघ ओलांडली, तर ज्याचं त्याने सांगायचं. भाऊंनी त्यावर आपलं एक शेपूट जोडलं होतं. खेळ संपला की धसकटांतच गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने आपली अशी एक चूक सांगायची, जी कोणी पाहिली नाही. माझी पाळी आली की मी चार-चार सांगायचे. शेवटी त्यांनी माझ्यावर मर्यादा घातली. म्हणाले, मॅडम, एकच सांगा, जेवाची वेळ झाली.

दुकानात मोबाइलवर परदेशातले सामने बघणं हा आमचा रविवारचा कार्यक्रम. मोबाइल जळक्या मोटरीला टेकवून ठेवलेला, आम्ही पाच-सहा जण तारेच्या बंडलांवर बसलेलो. दोन खेळाडू आपटले, उठले, एकमेकांकडे बघू लागले की भाऊ नेमका तिथेच व्हिडिओ थांबवायचे. आता हा काय सांगेल, खरं की खोटं? आम्ही वाद घालायचो. मग चालू करायचे. बहुतेक वेळा खरंच निघायचं, आणि त्यांचा चेहरा असा खुलायचा की जणू घरच्याच पोराने नाव काढलं. गुण किती झाले, जिंकलं कोण, हे त्यांना पुष्कळदा सांगताच यायचं नाही.

या खेळात आणखी एक नियम आहे. खेळाडूला दुखापत झाली आणि तो स्वतः बोलत नसेल, तर त्याच्या संघातला कोणीही 'इंजुरी' म्हणून ओरडू शकतो. खेळ थांबतो. पण समोरच्याच्या धक्क्याने लागलेलं नसेल, तर त्या माणसाला बाहेर जावंच लागतं. हा नियम जणू माझ्यासाठीच केलेला. कोणी वाकलं की मी ओरडायचे. माझ्या पर्समध्ये पट्ट्या, मलम, ओआरएस, सगळं असायचं; प्रशांत तिला सरकारी दवाखाना म्हणायचा.

एकदा नागपूरच्या स्पर्धेत शेवटचा गुण चालू असताना भाऊ गुडघ्यावर हात ठेवून वाकले. मी ओरडले. ते बाहेर गेले, आम्ही हरलो. आणि ते वाकले होते बुटाची लेस बघायला. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "मॅडम, माह्या जिवाचा ठेका घेतला काय जी तुमी? माही इंजुरी मी मांगन. तुमी नोका मांगू." रागावले नव्हते. पण बसमधले सगळे हसले, आणि मी लाजेने मान खाली घातली. कबूल केलं.

यंदाच्या हिवाळ्यात सानगडीला चार संघांचे सामने होते. लग्नसराई, त्यामुळे आमचे नेमके सातच जण आले. बदली कोणी नाही. दुसऱ्या सामन्यात भाऊ एका लांब फेकीमागे धावले आणि मध्येच थांबले. डावा हात उजव्या हाताने धरला. चेहरा घामाने डबडबलेला, आणि ऊन तर असं काही नव्हतंच. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही, म्हणाले. तोंडाने नाही, मानेने. माझ्या जिभेवर शब्द आला होता... मी गिळला. बसमधलं हसणं आठवलं मला. हेही आठवलं, की ते बाहेर गेले तर आम्ही सहाच उरू. दोन्ही आठवलं, खोटं कशाला सांगू. त्यांनी तो सामना उभ्या उभ्या पुरा केला. आम्ही जिंकलो.

नंतर टाकीजवळ तोंड धुताना मी त्यांना गाठलं. म्हणाले, पित्त झालं. मग आवाज उतरवून म्हणाले, "घरी नोका सांगू जी. रेखा उगाच भेते. यंदाची नागपूरची स्पर्धा झाली का डॉक्टरले दाखवतो मी." मी हो म्हटलं. त्या दिवशी गोलात बसलो तेव्हा मी चूक सांगितली ती कुठल्याशा चुकलेल्या झेलाची.

त्यानंतर अकरा दिवस ते जगले. त्या अकरा दिवसांत मी त्यांना तीनदा भेटले आणि तिन्ही वेळा तब्येतीचं विचारलं, ते हसले. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यांकडे अकरा दिवसांत एक बस जाते-येते असं नाही, शंभर जातात.

ते गेल्यापासून मी धड झोपत नाही. वर्गात एखादी मुलगी छातीला दप्तर धरून उभी राहिली तरी माझं लक्ष तिच्या श्वासाकडे जातं. नवऱ्याला एकाच महिन्यात दोनदा ईसीजी काढायला लावला. डॉक्टर हसले, तो चिडला. मैदानावर एकदाच गेले आणि तबकडीऐवजी माणसांच्या छात्यांकडे बघत राहिले. मनात एकच घोळत होतं : रेखावहिनींना सांगायचं की नाही. सांगितलं तर माझं ओझं उतरून त्यांच्या डोक्यावर जाणार. न सांगावं, तर ज्या माणसाने चूक सांगायला शिकवलं त्याच्याच बाबतीतली चूक लपवायची. त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीने श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला तेव्हा मी सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसले. वहिनींनी चहा पुढे केला. त्यांच्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर गेलेच. वहिनी घरामागच्या सांदवाडीत तूर पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच बोलायला लागले. बसले असते तर धीर सुटला असता. सानगडी, हात धरणं, मान हलवणं, टाकीजवळचं बोलणं, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, वहिनी, मी ओरडायला हवं होतं आणि मी ओरडले नाही. तुम्हाला सांगायला हवं होतं, तेही नाही.

त्यांचं सूप थांबलं. मला वाटलं, आता बोल लागणार, आणि लागावेतच. त्या मात्र सुपाकडे बघत हळू म्हणाल्या, "मले माहीत होतं." दिवाळीच्या आधीच भाऊंच्या छातीत दुखलं होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला तपासणी करायला सांगितलं होतं. चिठ्ठी घरातच होती, डाळीच्या डब्याखाली. "मले म्हने, मॅडमले सांगशीन नोको, थे खेळू नाई देत. स्पर्धा झाली का जाऊ. मी रोज म्हनो, तुमाले सांगू का नाई सांगू. तुमी रोज शाळेत येऊन राह्यल्या होत्या, चार घरं सोडून."

मी खालीच बसले. बाराएक वर्षं ज्या माणसाने आम्हाला आपलं आपण सांगायला लावलं, त्याने स्वतःचं लपवलं; आणि आम्हा दोघींना एकमेकींपासून तोडून मध्ये आरामात खेळत राहिला. मला त्यांचा फार राग आला. गेल्यापासून पहिल्यांदाच आला, आणि रागाबरोबर रडूही. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी पाखडलेली तूर टोपलीत ओतली.

सांदवाडीच्या कोपऱ्यात भाऊंची पुण्याहून आणलेली ती पहिली तबकडी उलटी, परातीसारखी ठेवलेली होती. काठाला तडकली म्हणून त्यांनीच ती कोंबड्यांच्या पाण्याला दिलेली. वहिनी उठल्या, तिच्यातलं शिळं पाणी फेकलं, कडा बोटाने घासली आणि ताजं पाणी भरलं. मग तशाच वाकलेल्या असताना त्यांनी विचारलं, मैदानावर कोणाला दुखलं तर ते थांबणं कसं मागतात? काय म्हणायचं असतं?

मी सांगितलं. फक्त 'इंजुरी' म्हणायचं, पण जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग सगळे जिथल्या तिथे थांबतात.

त्या सरळ उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि समोरच्या तणसाच्या, भातपेंढ्याच्या ढिगाकडे बघत म्हणाल्या, "इंजुरी." आवाज एवढा मोठा निघाला की पाण्याकडे आलेल्या कोंबड्या फडफडत कुंपणाकडे पळाल्या आणि शेजारची बाई दारात आली. वहिनी माझ्याकडे वळल्या.

"एवढंच म्हनाचं होतं काय जी?"

मी हो म्हटलं. कोंबड्या एकेक करून परत आल्या आणि तबकडीतलं पाणी पिऊ लागल्या.