आदी तू खा

"आदी तू खा. सगळ्यांसमोर."

शाळेच्या पडवीत लेकरं ताटं घेऊन बसलेली. खिचडी मीच शिजवलेली. बोलनारी सरपंचाची बायको. चव घ्यायचा नियम हाय, पन ती गुरुजींनी घ्यायची, एक चमचा. मला तिनं ताटभर वाढायला लावलं. म्हनली, "आता अर्धा तास थांबा. हिनं येडाच्या गोळ्या कालवल्या असतील तर हिलाच कळंल."

मी खाल्लं. मान खाली घालून. समोर माझी पोरगी, पहिलीतली. भुकेली. बघून राहिली माझ्याकडं. गुरुजी भिंतीवरचा तक्ता वाचत उभे.

झालं एवढंच, की सकाळी चुलीपाशी माझ्या कमरेच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट तिच्यासमोर पडलं. धाकटं लेकरू गेल्यापासून मला झोप न्हवती, बोलनं न्हवतं. पोरीची वेनी घालायचंबी सुधरत न्हवतं. नवऱ्यानं हिंगोलीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हनल्या, "हा आजार आहे, बाई. तुमची चूक नाही. औषध मधेच सोडू नका." असं मला कोनीच सांगितलं न्हवतं. मी तिथंच रडले. दोन महिन्यांत भूक लागाय लागली.

आमी बुद्धवाड्यातले. माझ्या हातचं नको, हे यांच्या मनात पहिल्यापासूनच. तोंडानं बोलायची सोय न्हवती. आता येडी म्हनायची सोय झाली.

शरमेनं मी गोळ्या उकिरड्यात फेकल्या. चुकलंच माझं. पंधरा दिवसांत पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडले. कामाला जाईना. एका दुपारी कशीबशी उठले, पोरीला भात वाढला. तिनं ताट माझ्याकडं सरकवलं.

"आई, आदी तू खा."

माय वं! काळीज फाटलं माझं. पोटचं लेकरू मला भ्यालं.

दुसऱ्या दिवशी हिंगोली गाठली, गोळ्या पुन्हा चालू केल्या. अंगात जरा तरतरी आल्यावर शाळेत गेले. सरपंचाची बायको हजरच. ताट पुढं केलं. मी हात लावला न्हाई. म्हनले, "नियमानं गुरुजी चव घेतील. गोळ्या मी खाते, व्हय, डॉक्टरच्या चिठ्ठीनं. लेकराच्या मनात इष तुमी कालवलं."

काम ऱ्हातं का जातं, ठाऊक न्हाई. पोरगी अजून माझ्या तोंडाकडं बघूनच घास घेते. रोज रडू येतं मला. पन गोळी मी आता लपवून खानार न्हाई. काम गेलं तर जाऊ दे. औषध सोडून पोरीला पुन्हा बिनआईची करनार न्हाई.