बुडबुडे दिसले पाहिजेत

आमच्या पोरानं फोनवर नुसतं विचारलं, "अण्णा, समुद्रात बुडी मारायला येता काय?" आणि आमचे हे अर्ध्या ताटावरून उठून फोनपाशी गेले. साठी ओलांडलेला माणूस, पण तोंड असं की जत्रेला निघालंय लेकरू.

पोरगा कॅरिबियनमधल्या एका बेटावर हॉटेलात नोकरीला आहे. नकाशात ते बेट तुरीच्या डाळीएवढं. आमची दिवेलागण होते तेव्हा तिथं सकाळ असते, आणि त्याच वेळेला त्याचा फोन येतो. तिथं म्हणे बुडी मारायला बोट लागत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड ठेवलेत. दगड दिसला की गाडी उभी करायची, पाठीवर हवेची टाकी घ्यायची आणि काठावरून चालत पाण्यात शिरायचं.

"आपल्या विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखंच की," हे म्हणाले.

"विहिरीला पलीकडचा काठ दिसतो," मी म्हणाले. "त्याला कुठंय?"

आता यांचं पाण्याचं वेड सांगायला पाहिजे. बेंबळीच्या शिवारात कुणाचीही मोटार पाणी उचलेनाशी झाली की माणसं आमच्या दारात. पाइपाच्या तळाला एक झडप असते, तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात. तिच्यात कचरा अडकतो. हे कंबरेला कासरा बांधून बुडी मारायचे, ती मोकळी करून वर यायचे. कासऱ्याचं दुसरं टोक माझ्या हातात. ते खाली गेले की मी काठावर माझाही श्वास धरायची, आणि माझा दम संपला की कासरा ओढायची. घड्याळबिड्याळ काही न्हाय. माझा दम लहान म्हणून ते धडधाकट राहिले असं मी म्हणते. ते म्हणतात, "तुझ्यापायी माझी निम्मी कामं अर्धवट राहिली."

पोरानं तसं सगळं नीट ठरवलं होतं. शिकवणारा माणूस कायम हाताच्या अंतरावर. आधी छातीइतक्या पाण्यात सराव, मग पुढं. परत निघायच्या आदला दिवस कोरडा, कारण बुडी मारून लगेच विमानात बसणं बरं नसतं. धाराशिवला डॉक्टरांनी यांचे कान, छाती सगळं तपासलं आणि चालेल म्हणाले. मला पण पोरगा ये म्हणत होता. मी म्हणाले, म्हशीला कोण बघंल? खरं तर मला विमानाचं भ्या. तिकीट तेवढं काढायचं राहिलं होतं. पोरगा म्हणाला, "आई, तू हो म्हटल्याशिवाय मी अण्णांना बोलावणार न्हाय."

मी हो म्हणणारच होते. पण त्या संध्याकाळी त्यानं नियम सांगायला सुरुवात केली.

"अण्णा, सगळ्यात पहिला नियम. खाली असताना श्वास कधीच रोखायचा न्हाय. घेत राहायचा, सोडत राहायचा."

हे हसायलाच लागले. "पाण्यात श्वास घ्यायचा? मग बुडी कसली रे ती!"

"हसू नका. टाकीतली हवा दाबलेली असते. वर येताना ती फुगते. श्वास कोंडून वर आलात तर फुफ्फुस फाटू शकतं."

माझा होकार तिथंच अडला. कारण पोराला जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. या माणसाची सगळी कमाई श्वास कोंडण्यावर झाली. त्याला पाण्यात दुसरं काही येतच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी यांच्यावर नजर ठेवली आणि जास्तच घाबरले. हे जमिनीवरसुद्धा श्वास धरतात! कुकरच्या दांड्याचा स्क्रू आवळताना धरतात. सुईत दोरा ओवताना धरतात. म्हशीच्या पायातला काटा काढताना तर असा धरला की मलाच गुदमरल्यासारखं झालं. इतकी वर्षं संसार केला आणि हे कधी बघितलंच नव्हतं. मग मी दिवसभर मागं मागं. "अहो, श्वास!" पाट उचलला, श्वास! चप्पल शिवायला घेतली, श्वास!

शेजारीच माझी थोरली जाऊ राहते. ती भिंतीवरून डोकावली.

"काय गं, म्हातारपणी नवऱ्याला श्वास घ्यायला शिकवायलीस व्हय?"

"तुमचा दीर समुद्रात चाललाय, जाऊबाई."

"त्याला तू घरातच बुडवायलीस की!"

हसले मी, पण पाठ सोडली नाही. शेवटी यांना सांगून टाकलं, "आपल्या विहिरीत बुडी मारून दाखवा. खाली असताना तोंडातून बुडबुडे सोडत राहायचे. मला वरून बुडबुडे दिसले तर जा, न्हाय तर न्हाय."

विहीर तुडुंब होती. मी खालच्या पायरीवर कासरा धरून बसले. हे शिरले. पाणी मिटलं, आणि वर एक बुडबुडा नाही. मी कासरा ओढला.

"काय झालं?"

"बुडबुडे कुठायत?"

"इसरलो."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही पाणी आरशासारखं गप्प. मला रडू आलं. ओरडलेच, "न्हाय जायचं तुम्ही! पोराला सांगते आज!"

हे पायरीला धरून तसेच पाण्यात उभे राहिले. चेष्टा नाही, काही नाही. म्हणाले, "खाली गेलं की तोंड आपोआप मिटतं गं. मी मिटत न्हाय, ते मिटतं." एवढं पडलेलं तोंड मी त्यांचं कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता मी हो म्हटलं तरी जीव जायचा आणि नको म्हटलं तरी यांचा जीव कोमेजायचा.

आणि मग काय सुचलं कुणास ठाऊक. घरात यांना चष्मा सापडला नाही, चहा गार झाला, की एकच हाक. अगंऽऽ! उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत. मी म्हणाले, "खाली जाऊन मला हाक मारा. चष्मा हरवल्यासारखी. वर येईस्तोवर थांबायचं न्हाय."

"पाण्यात?"

"पाण्यातच. तशी तर दिवसभर मारता."

गेले. आधी काही नाही. मग पाइपाच्या कडेनं एक बुडबुडा आला, मग त्याच्या मागं घोळका, आणि डोकं वर आलं तेव्हा तोंडात अजून "अगंऽऽ" चालूच होतं. मी तिथंच बसून "ओ" दिली. त्या दिवशी त्यांनी मला किती हाका मारल्या मोजल्या नाहीत. एकदाही तोंड मिटलं नाही.

संध्याकाळी पोराला सगळं सांगितलं. तो आधी खूप हसला, मग म्हणाला, "आई, खरंच, टाकीतली हवा मिळेनाशी झाली तर असाच आवाज काढत वर यायला शिकवतात इथं. हवा येत असली की मात्र श्वास घ्यायचापण, एवढं अण्णांना सांग." मग मी विचारलं, "समुद्रात काठावरून बुडबुडे दिसतात का रे?"

"वारा पडलेला असला की दिसतात. बेटाच्या आडोशाच्या बाजूला, सकाळी सकाळी. दुपारी लाटा उठतात, मग न्हाय दिसत."

"मग सकाळीच जायचं. आडोशालाच. आणि तिकिटं दोन काढ."

यांनी माझ्याकडं बघितलं. "म्हशीचं काय?" जाऊबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, म्हणजे सगळं ऐकत होत्या, "मी बघते म्हशीला! तू त्याला बघ!"

आता बॅग अर्धी भरलीय. कासरा आत घातलाय. हे म्हणतात, समुद्रात कासरा बांधून कुणी शिरतं का? माहीत आहे मला. हातात काहीतरी पाहिजे म्हणून घेतलाय. यांना आता श्वास सोडायला जमतंय. रोज विहिरीवर जातो आम्ही. तिथं काठावर बसून मीही श्वास घेत राहायचा असं ठरवलंय, पण पाणी मिटलं की माझं तोंड अजून आपोआप मिटतं.