बगळ्यांखालचं वाचन

गोंदिया वेगळा झाला आणि आमचा भंडारा जिल्हा निम्मा उरला, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. मी कोंढ्याकडच्या एका शाळेत शिकवत होते आणि राहायला सासरी, आसगावच्या पुढच्या एका लहान गावात. घर विहाराला लागून. विहार म्हणजे मूर्तीची एक खोली, तिच्यापुढं तिन्ही बाजूंनी उघडा टिनाचा मंडप आणि मंडपावर वाकलेला पिंपळ. पिंपळ वस्तीनं विहारासोबतच लावलेला. त्याचं हिरवं पानसुद्धा कोणी तोडत नसे.

वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी विहारात वंदना आणि धम्मग्रंथाचं वाचन होई. भाताच्या रोवणीवरून आलेल्या बायका हातपाय धुऊन, पांढरी लुगडी नेसून बसत. वाचायचे माझे सासरे. त्यांचा आवाज असा खणखणीत, की रस्त्यानं जाणारा सायकल थांबवून ऐके. त्या उन्हाळ्यात सासरे गेले.

आता कोण वाचणार, यावर बैठक झाली. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मास्तरीणबाई घरचीच, मग अडचण काय? मी हो म्हणणार, तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "मी वाचीन." सासूबाईंना अक्षरओळख झाली तीच मुळी नातवंडं झाल्यावर, साक्षरतेच्या वर्गात. नाही म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. मीही मान डोलावली, पण मनात म्हटलं, झालं कल्याण. शेवटी ठरलं ते असं: सासूबाईंनी वाचून पाहावं, पण शेवटच्या पौर्णिमेला, साऱ्या वस्तीसमोर ग्रंथ संपवताना, जमलं नाही तर मी वाचायचं. हे त्यांच्या तोंडावरच ठरलं.

पहिल्या आठवड्यात त्यांचं वाचन ऐकणं म्हणजे जिवाला घोर होता. अक्षराखाली बोट, बोटामागं डोळे आणि डोळ्यांमागून कधीतरी आवाज. तोही बसलेल्या बायकांच्या दुसऱ्या ओळीपर्यंत पोचत नसे. दिवसभर चिखलात वाकलेल्या बायका बसल्या जागी पेंगायला लागत.

आणि त्याच आठवड्यात बगळे आले.

आधी वाटलं, रात्रीपुरते बसले असतील. पण ते काड्या घेऊन येत होते. गायबगळे, लहान बगळे, ढोकऱ्या, सगळी जमात. पाहता पाहता पिंपळ घरट्यांनी भरला. खाली विष्ठेचा सडा पडला. कुजक्या बेडकांचा, मासळीचा वास घरात चुलीपाशी यायला लागला. टिनावर दिवसभर काहीतरी टपटपे. बायका पांढऱ्या लुगड्यांत यायच्या आणि ठिपके घेऊन जायच्या. सासूबाईंची लुगडी धुणारी मी. निळीचं पाणी करता करता मी त्या पाखरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असे.

थाळ्या वाजवून झाल्या, फटाके झाले. पाखरं उडायची, गिरकी घ्यायची आणि परत बसायची. मग काही जणांनी रविवारी लांब बांबूंनी घरटी पाडायचं ठरवलं. त्यांत सगळ्यात पुढं मी. पण कुणीतरी म्हणालं, आधी फॉरेस्टवाल्याला विचारा, नाहीतर लफडं व्हायचं. शनिवारी मी शाळेतून तशीच पवनीला फॉरेस्टच्या ऑफिसात गेले आणि गार्डला घेऊनच आले.

गार्डनं मान वर करून बराच वेळ झाड पाहिलं. मग सांगितलं, की घरट्यात अंडी आहेत. आता घरट्याला हात लावणं म्हणजे शिकार केल्यासारखंच, गुन्हा होतो. कावळे असते तर गोष्ट वेगळी होती, त्यांना कायद्यात उपद्रवी म्हटलं आहे. बगळ्यांना नाही. मी म्हटलं, म्हणजे आम्ही कावळे पाळायला हवे होते. तो हसला आणि त्यानं विचारलं, उन्हाळ्यात फांद्या का छाटल्या नाहीत? तेव्हा घरटी नव्हती, तेव्हा कोणी अडवलं नसतं.

उन्हाळ्यात विजेच्या तारा मोकळ्या करायला लाइनवाले कुऱ्हाडी घेऊन आले होते. आम्हीच त्यांना हात जोडून परत पाठवलं होतं. बोधिवृक्षाला कुऱ्हाड कशी लावू द्यायची? साऱ्या गावात दाट, न छाटलेलं झाड ते एकच राहिलं. बगळ्यांनी तेच निवडलं.

"मॅडम, पिल्लं उडेपर्यंत थांबा," गार्ड जाताना म्हणाला. "तवरिक कायदा त्याहीच्या बाजूनं हाये."

लोकांनी मार्ग काढला. वाचन शाळेच्या पडवीत न्यायचं आणि वाचायचं मी. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, तुम्ही जा, मी इथंच वाचीन. मला त्यांच्या हट्टाचा राग आला, पण त्यांना त्या घाणीत एकटं सोडून शाळेत ग्रंथ उघडायचं धाडसही होईना. मी गेले नाही. मग शाळेतलं वाचन सुरूच झालं नाही. लोक घरीच वंदना करायला लागले, आणि मंडपात उरलो आम्ही दोघी. सासूबाई मूर्तीपुढं, मी कडेच्या खांबाला टेकून, नाकाला पदर लावून.

बसून बसून दुसरं करणार काय? मी टिनाच्या कडेबाहेरून वर पाहायला लागले.

आणि खरं सांगते, मी थक्क झाले. गायबगळे एरवी पांढरे. आता त्यांच्या डोक्यावर, मानेवर, पाठीवर केशरी रंग चढला होता, भंतेजींच्या अंगावरच्या चीवराची आठवण व्हावी असा. ढोकऱ्या, ज्या एरवी बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठच्या मातीत दिसतही नाहीत, त्यांच्या पाठी गडद तांबड्या झाल्या होत्या. नर काडी आणी, मादी ती घेऊन रचे. एक उठला की दुसरा अंड्यांवर बसलाच. घरटं उघडं पडलेलं मी कधी पाहिलंच नाही. हे सगळं माझ्या डोक्यावर चाललं होतं आणि मी निळीच्या पाण्यात तोंड घालून बसले होते.

पिल्लं निघाली आणि आवाजाला सीमाच राहिली नाही. कटकट, कटकट, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. बाजूला बसून बोललेलं ऐकू येईना. सासूबाई थांबत, पाखरं जरा गप्प होण्याची वाट पाहत. ती गप्प होत नसत. मग त्या आवाज चढवून पुढचं वाक्य वाचत. चुकलं तर तेच पुन्हा, आणखी मोठ्यानं.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, आई, कोणी ऐकायला नाही, कशाला घसा फोडता?

"हे ऐकून राहिले ना," त्या वर बोट करून म्हणाल्या. "मानसायपुढं माही जीभ अडखडते, बाई. कोन हासते, कोन झोपते, तिकडंच ध्यान जाते. याहीले समजत नाही मी चुकली म्हनून. मले शिकू दे."

इतके दिवस मला वाटत होतं, की बगळ्यांनी त्यांचं वाचन मोडलं.

भादव्यात एका संध्याकाळी वारं सुटलं. काळं आभाळ, आडवा पाऊस, टिनाचे पत्रे उचलायला लागले. लागूनच्या घरीही जाता येईना, म्हणून आम्ही मूर्तीच्या खोलीत शिरलो. पिंपळ असा पिळवटत होता, की मला वाटलं, आता एकही घरटं राहणार नाही. मी खोलीच्या दारातून, टिनाच्या कडेपलीकडं वर पाहिलं. झाडावरचे सगळे मोठे पक्षी वाऱ्याकडं तोंड करून बसले होते. पंख अर्धे उघडून, पिल्लं खाली घेऊन. फांदी वर जाई, खाली येई, तेही तिच्यासोबत वर-खाली होत. पण एकही उडाला नाही. ज्यांना मी बांबूनं पाडायला निघाले होते, त्यांना ते वादळ पाडू शकत नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले.

माझ्या मागं सासूबाई वाचत होत्या. पाऊस, पत्रे, वारा, सगळ्याच्या वर त्यांचा आवाज येत होता. मी वळून पाहिलं, तर बोट अक्षराखाली नव्हतं. दोन्ही हातांनी त्यांनी ग्रंथ धरला होता.

आश्विन लागला तसे पक्षी एकेक करून गेले. पोरांनी मंडप घासून धुतला. पौर्णिमेला सारी वस्ती पांढऱ्या कपड्यांत जमली, खिरीचं पातेलं आलं. ठरल्याप्रमाणं एका वडीलधाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी ग्रंथ उचलला आणि सासूबाईंच्या हातात दिला.

पिंपळावर आता चिटपाखरू नव्हतं. विहार इतका शांत, की पानांची सळसळ ऐकू येत होती. सासूबाईंनी तोंड उघडलं आणि पुढच्या ओळीतल्या दोन बायका दचकल्या. त्या शांततेतही सासूबाई पावसाळाभर वाचल्या तशाच, गलक्याच्या वर जाईल अशा आवाजात वाचत होत्या. एक पोर रडायला लागलं, कोणी हसलं. त्या थांबल्या नाहीत. अडखळल्या नाहीत. हसू विरलं, आणि मग कोणी हललंही नाही. शेवटचं पान संपलं तेव्हा मी पाहिलं, रस्त्यावर दोघं-तिघं सायकली धरून उभे होते.

घरी आल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "जास्त ओरडली का वो मी?"

"नाही, आई," मी म्हटलं. "रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. बाबांचं जायचं तसं."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला.