भिंतीपलीकडचा हुंकार

आमच्या वाचक मंडळात हल्ली तरुण मंडळी आली आहेत. त्यांतल्या एकाने परवा मला विचारलं, "मास्तर, तुम्ही इतकी वर्षं वाचताय. पुढच्या काळात समाजापुढे सगळ्यांत मोठं आव्हान कोणतं असेल?" मोठी लढाई चालू आहे, रॉकेल मिळत नाही, तेव्हा प्रश्न वावगा नव्हता. शिवाय बोलण्यात मी सहसा हार जात नाही. पण तोंड उघडलं आणि कानात आत्याबाईंचा हुंकार आला. त्या जाऊन आता आठ वर्षं झाली. "पुढच्या रविवारी सांगतो," असं म्हणून मी उठलो.

मंडळ सुरू झालं ते पहिली लढाई संपल्यानंतर चार-सहा वर्षांनी. भोरातल्या एका बोळात आम्ही एक खोली घेतली होती. मी शाळामास्तर, कचेरीतले एक कारकून, आणखी तिघे-चौघे आणि उत्रोलीचे एक शेतकरी. त्यांना चार बुकं शिकता आली होती, पण वाचनाची ओढ आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. दर रविवारी दुपारी एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. जेवणं झालेली असायची, त्यामुळे माना डुलायच्या. म्हणून मी नियम केला: पान संपलं की वाचणाऱ्याने थांबायचं, कोणीतरी हुंकार द्यायचा, मगच पान उलटायचं. हुंकार आला नाही तर वाचन बंद. दुसरा नियम असा की ज्याची पाळी असेल त्याने त्या रविवारी वाचायचंच, मग काहीही होवो. नियम करायची मला फार हौस होती.

त्या वर्षी आम्ही एक जाडजूड पुस्तक घेतलं होतं. येत्या शंभर वर्षांत समाजापुढे काय काय येणार, असा त्याचा विषय. यंत्रं, रोगराई, जातपात, विधवांचे हाल, सगळं त्यात होतं. आम्ही तावातावाने वाद घालायचो. भुताखेतांची गोष्ट निघाली की मी उत्रोलीकरांची टर उडवायचो, कारण ते वरंधा घाटाकडे जाताना एका ओढ्याला हात जोडल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नसत. ते हसून म्हणायचे, "असंल तर असंल, मास्तर. आपलं काय जातंय हात जोडायला?"

दिवाळीनंतर बोळात उंदीर पडले. प्लेगची रीत तेव्हा सगळ्यांना पाठ होती. आठ दिवसांत गाव उठलं आणि उत्रोलीच्या बाजूला माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. रविवार आला तेव्हा पाळी माझी होती आणि पुस्तक खोलीतच राहिलं होतं. कारकून झोपडीसमोर बसून म्हणाले, "काय मास्तर, नियम गेला ना वाऱ्यावर?" मला रागाला एवढंसं निमित्त पुरतं. मी प्लेगची लस टोचून घेतलेली होती. वहाणा चढवल्या आणि भर दुपारी एकटा गावात निघालो.

रिकामं गाव मी त्याआधी असं आतून पाहिलं नव्हतं. ऊन आत पडावं म्हणून घराघरांवरची कौलं उतरवून ठेवली होती. जिथे कधी दिवसा अंधार हटला नव्हता अशा माजघरांत ऊन येऊन बसलं होतं, आणि बसायला माणूस नव्हतं. दारोदारी तुळशी वाळल्या होत्या. माझ्या वहाणांचा आवाज बोळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येत होता. मी दोनदा वळून पाहिलं, हे कबूल करतो.

वहाणा उंबऱ्याबाहेर काढून मी आत गेलो. पुस्तक घेऊन निघायचं होतं, पण कारकुनांचं तोंड आठवलं आणि मी जाजमावर बैठक मारून मोठ्याने वाचायला लागलो. त्या दिवशीचं प्रकरण निराधारांची सोय समाजाने कशी करावी, याबद्दलचं होतं. रचून सांगतो आहे असं वाटेल, पण तसंच होतं. आवाज चढवून वाचलं. पान संपलं. सवयीने मी थांबलो.

भिंतीपलीकडून हुंकार आला.

बारीक, कोरडा, पण हुंकारच. पलीकडचं घर मी येताना पाहिलं होतं, त्याच्या दाराला बाहेरून कडी होती. माझा हात पानावर तसाच राहिला. थोड्या वेळाने हुंकार पुन्हा आला. मग मी उठलो आणि पळालो. भुतं नसतात हे ज्याने पन्नास वेळा सिद्ध करून दाखवलं होतं, तो मी, पुस्तक टाकून, नीरा नदीच्या वाटेवरून अनवाणी पळत होतो.

संध्याकाळी कोणाला काही बोललो नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उत्रोलीकर दूध घेऊन आले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"मास्तर, वाना कुठं गेल्या?"

मग मला सांगावंच लागलं. ऐकून ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. दुधाची चरवी खाली ठेवून त्यांनी पाण्याचा तांब्या भरून घेतला.

"भूत असलं तर?" मी विचारलं.

"असलं तर असूं द्या. तान लागली असंल त्याला. चला."

जाताना बोळाच्या तोंडाशी ते थांबले, हात जोडले आणि आत शिरले. माझ्या वहाणा उंबऱ्याबाहेर होत्या तशाच होत्या. त्यांनी पलीकडच्या दाराची कडी काढली. चुलीजवळ, आमच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून, त्या घरातली विधवा आत्या बसली होती. सगळा बोळ तिला आत्याबाई म्हणायचा. शेजारी मडकं होतं, कोरडं ठणठणीत.

पुढे सगळं कळलं. गाव उठलं त्याच दिवशी त्यांना ताप चढला. तापाचं माणूस घेऊन आलात तर झोपडी मिळणार नाही, असं माळावर ठरलेलं होतं. तेव्हा पुतण्याने त्यांना आत ठेवून कडी घातली. रोज चोरून भाकरी-पाणी आणून द्यायचा. मग तो स्वतःच तापाने पडला, आणि सांगितलं तर बिंग फुटेल म्हणून घरच्यांनी तोंड शिवून घेतलं. भाकरी-पाणी बंद होऊन तीन दिवस झाले होते. ओरडायला घशात आवाज उरला नव्हता. पुतण्याला लोकांनी खूप नावं ठेवली. मी ठेवली नाहीत. तो माळावर पडला होता, मी भिंतीला लागून बसलो होतो.

उत्रोलीकरांनी त्यांना घोट घोट पाणी पाजलं. जरा वेळाने आत्याबाईंनी मान वर करून मला पाहिलं. ओळखलं.

"मास्तर, दोन डाव हुंकार दिला की म्या," त्या म्हणाल्या. "पान का न्हाई उलटलं?"

"पुस्तक संपलं होतं, आत्याबाई."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "लई ऱ्हायलंय आजून. सुरवातीपून ऐकतीया मी."

उत्रोलीकरांनी त्यांना पाठीवर घेतलं आणि आपल्या शेतातल्या झोपडीत नेलं. तो प्लेग नव्हताच, साधा हिवताप होता. महिन्याभराने गाव परत आलं, कौलं चढली, मंडळ बसलं. आत्याबाईंना आत येऊन बसा म्हटलं, पण घरच्यांना ते पसंत पडलं नाही. त्या पलीकडेच बसत. मी वाचायचो, पान संपायचं, आणि इकडचं कोणी हुंकार द्यायच्या आत भिंतीपलीकडून यायचा. दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. पान का उलटलं नाही, हे कित्येक वर्षांत त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही, आणि मी पळालो हे उत्रोलीकरांनी कोणाला सांगितलं नाही.

येत्या रविवारी त्या तरुणाला उत्तर द्यायचं आहे. मोठे शब्द मला अजून पुष्कळ येतात. पण त्याला मी एवढंच सांगणार आहे की त्या दुपारी मी कडी पाहिली होती, हुंकारही ऐकला होता, हातात पुस्तक होतं, आणि मी कडी काढली नाही.