एफीचा शेवटचा डोंगर

एफी गेडिसने गावच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक केला. मी तिच्या हातचं सूप पिऊन वाढले. साहित्याची पदवी घेऊन घरी परतले, नोकरी मिळेना, तेव्हा तीच म्हणाली, "नुसती बसून काय करतेस? डोंगरावर चल." तेव्हापासून आमची मैत्री. ती अडुसष्ट वर्षांची, मी चोवीस.

आमच्या स्कॉटलंडात तीन हजार फुटांहून उंच दोनशे ब्याऐंशी डोंगर आहेत. पुष्कळ जण ते सगळे चढायचं मनावर घेतात. नियम एकच: माथ्यावरच्या दगडांच्या राशीला हात लागला पाहिजे. कोणी तपासत नाही. एफीचा थोरला भाऊ हेक्टर नऊ वर्षांपूर्वीच सगळे चढून मोकळा झाला. त्याचं प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत चौकटीत आहे. एफीचा एकच उरला होता, स्टोब गॉर्म. सप्टेंबरात तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. पुढे डोंगर जमतील, असं डॉक्टर काही बोलला नव्हता.

म्हणून जूनमधल्या एका शनिवारी आम्ही सातला निघालो. चिलटं चावत होती. ओढा ओलांडताना माझा पाय घसरला आणि बूट भरला.

"चार वर्षं पुस्तकं वाचलीस," एफी म्हणाली. "त्यात ओला दगड कुठे आला नाही का?"

"आला असेल. परीक्षेला नव्हता."

चढावर ती दर शंभर पावलांवर थांबे. दुखतंय असं म्हणत नसे. "बघ, काय सुंदर दिसतंय," म्हणे. समोर नुसती दलदल.

साडेबाराला माथा आला. आभाळ स्वच्छ होतं. एफीने राशीवर हात ठेवला, बराच वेळ उचलला नाही. मी व्हिस्कीची बाटली काढली. शेवटच्या माथ्यावर ती उघडायची असते. तोवर एफीने दुर्बीण डोळ्यांना लावली होती. खिंडीपलीकडे मिअल रॉय हा यादीतलाच डोंगर होता.

"लोखंडी खांबाजवळ रास दिसते?" तिने दुर्बीण माझ्याकडे दिली.

"दिसते."

"एक्क्याण्णव साली तिला हात लावला, मी आणि हेक्टरने. धुकं इतकं, की स्वतःचे बूट दिसेनात. हेक्टर म्हणाला, हाच माथा. आता उजवीकडे बघ."

उजवीकडे, अर्ध्या मैलावर, दुसरी रास होती. पहिलीपेक्षा सरळसरळ उंचावर.

मी दुर्बीण पुसून पुन्हा पाहिलं. रास तिथेच होती.

"एफी, कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना."

"मग आत्ताच जाऊ. रात्री दहापर्यंत उजेड आहे."

तिने खिंडीकडे पाहिलं. तेराशे फूट खाली, तेवढंच वर. मग गुडघ्यांवर हात ठेवले. "या दोघांना घरी न्यायचंय मला. बाटली ठेव आत."

खिशातल्या जुन्या यादीत तिने मिअल रॉयपुढची खूण खोडली, स्टोब गॉर्मपुढे नवी केली. मग आम्ही चीज आणि ओटची बिस्किटं खाल्ली. तिने माझीही संपवली.

उतरायला पाच तास लागले. खाली गाड्यांपाशी हेक्टर आणि शाळेतल्या जुन्या मैत्रिणी केक घेऊन उभ्या होत्या. पांढऱ्या साखरेवर निळ्या आकड्यांत २८२. टाळ्या सुरू झाल्या.

"थांबा गं," एफी म्हणाली. "एक राहिला. हेक्टर, मिअल रॉय आठवतो?"

"आठवतो की. मीच नेलं होतं तुला."

"खांबापर्यंत नेलंस, गाढवा. माथा पुढे आहे."

हेक्टर हसायला लागला. मग हसता हसता थांबला. "पण मी नंतर परत गेलोच नाही तिथे."

"तेच म्हणते मी."

एफीने सुरी घेतली, शेवटचा दोन खरवडला आणि त्या निळ्या साखरेचा एक ओढला. पहिला तुकडा तिने भावाच्या हातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "तुझेही तेवढेच."