तलंग का कोंबडा

कर्जतकडच्या आमच्या वस्तीवर दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा रान, विहिरीच्या पाळ्या, भांडीकुंडी सगळं ठरलं. राहिली ती महिन्याभराची पिल्लं. खुडूक कोंबडी माझी, माहेरून आणलेली. तिच्याखाली ठेवलेली अंडी थोरल्या जाऊबाईंच्या मोठ्या जातीच्या कोंबड्यांची. पिल्लांचा बाप मात्र वस्तीवरचा गावरान कोंबडा. मग पिल्लं कुणाची?

"निम्मी निम्मी घ्या," सासूबाई म्हणाल्या.

"निम्मी म्हंजी कशी?" जाऊबाईंनी लगेच विचारलं. "तिला समद्या तलंगा अन् मला कोंबडे, असं न्हाई चालायचं."

घरात अंडी हवीत तर तलंग, म्हणजे तरणी कोंबडीच हवी, हे दोघींनाही ठाऊक होतं.

ओट्यावर दोन डालगी ठेवली, एक माझं, एक जाऊबाईंचं. सासूबाई एकेक पिल्लू धरून तुरा बघायच्या, पाय चाचपायच्या. लाल तुरा, जाड पाय, तो कोंबडा. फिका तुरा, बारीक पाय, ती तलंग. दोघे भाऊ अंगणात आखायच्या कुंपणाची तार घेऊन उभे होते.

मग जाऊबाईंना तलंग द्यायची पाळी आली, तेव्हा एक राखाडी पिल्लू हाती आलं. पाय जाड, पण तुरा फिका.

"कोंबडा हाय," जाऊबाई म्हणाल्या.

"तलंग वाटती," मी म्हणाले.

"म्हंजी मी खोटं बोलती व्हय?"

"मी तसं कुठं म्हणलं?"

"म्हणायला कशाला पायजे? तुजं तोंडच सांगतंय."

दीर पुढे सरकले. माझ्या नवऱ्यानं तारेचं भेंडोळं धाडकन खाली टाकलं. सासूबाईंनी पिल्लू पदराखाली घेतलं. "मला बी कळंना. दोन जातींचं हाय ते. वळखू येईस्तवर एकाची बी वाटणी न्हाई. अन् तार बी वढायची न्हाई."

नागपंचमी गेली, पोळा गेला. पिल्लं एकाच खुराड्यात राहिली आणि आम्ही दोघी एकमेकींवर नजर ठेवून. दाणे टाकायलाही एकटीला जाऊ द्यायचो नाही.

गणपतीत एका संध्याकाळी मी गेले, तर जाऊबाई राखाडी पिल्लू मांडीवर घेऊन बसलेल्या. पिल्लू बदलतायत की काय, असं मनात आलं.

"काय करताय?" माझा आवाज चढला.

त्यांनी पिल्लू माझ्यापुढे धरलं, शेपटीजवळची पिसं बोटांनी फाकवली. बाकीच्या नर पिल्लांना तिथं लांब, टोकदार पिसं फुटली होती. हिची गोल होती. तुराही अजून फिकाच.

"तलंगच हाय. घे तुला."

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

"उपकार नको करू," त्या म्हणाल्या, पण आवाजाला धार नव्हती. पिल्लू माझ्या हातात देऊन त्या घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी वाटणी झाली. अंगणाच्या मधोमध तार ओढली. दुपारी मी भाकरी थापत होते, तेवढ्यात तारेपलीकडून जाऊबाईंची हाक आली.

"अगं ए, घार फिरतीया! पिल्लं आत घे!"

मी पिठाच्या हातानंच बाहेर धावले.